खिडकीचा कौल

१८ फेब्रुवारी, बुधवार. राखेचा बुधवार

सकाळी फा. जेरोम येऊन कपाळाला राख लावून गेले. ते फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच रस्त्यावरून डंपर गेला आणि त्याने उरलेल्या अंगाला लावली. उपासकाळाचा आरंभ यथासांग झाला.

इथे येऊन तिसरे वर्ष संपत आले. २५ मार्चला, देवदूताच्या निरोपाच्या सणाला, बिशपांसमोर आजन्म एकांतवासाचे व्रत घ्यायचे आहे. तोवर जुनाच नियम. मौन. रविवारी मिस्सानंतर फादरांशी बोलण्याची मुभा. कोणाच्या जिवावर बेतले तर बोलणे हा मौनभंग मानू नये. हे शेवटचे कलम मी केवळ नियम परिपूर्ण असावा म्हणून घातले होते.

उन्हाळा लागतो आहे, तेव्हा खिडक्यांची व्यवस्था पुन्हा मनाशी मांडली. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, पण हवेचे वागणे मला अजून मोहवते. खोली एक, वर सिमेंटचा पत्रा. दाराकडे तोंड करून बाहेर उभे राहिले तर डाव्या भिंतीतली खिडकी रस्त्याकडे आणि गोडाऊनकडे, उजव्या भिंतीतली शेताकडे. दोन्ही एकदम उघडल्या तर आरपार झोत तयार होतो आणि या वडपे गावाची सगळी धूळ थेट वेदीवर येऊन बसते. म्हणून सकाळभर दोन्ही बंद. दुपारच्या प्रार्थनेला एकच उघडायची. कोणती? फटीशी नाक नेऊन ज्या बाजूची घाण कमी वाटेल ती. रस्त्याकडे गटार, डिझेल आणि माझ्या भिंतीलाच मुतारी समजणारे ट्रकवाले. शेताकडे परवापर्यंत नुसती मोकळी हवा होती. आता तिथे भराव टाकू लागले आहेत.

प्रार्थनेची सुरुवात वास घेऊन करणारी मी पहिलीच असेन.


२१ फेब्रुवारी, शनिवार

पायरीवर फोडलेला नारळ. पाणी सांडून चिकट झालेले, त्यावर मुंग्यांचा थर, खोबऱ्याला काळपट बुरशी. दाराच्या चौकटीवर, बरोबर क्रूसाखाली, हळदीकुंकवाची पाच बोटे. शिसारी आली. ती कुजलेल्या खोबऱ्याची आली असे लिहिणे सोयीचे आहे. कुंकवाचीही आली.

पुसून काढले. संध्याकाळी पुन्हा पाच बोटे.

पहिली दोन वर्षे मी यांच्या लेखी ‘येडी टीचर’ होते. किती सुखाचे दिवस. दिवाळीपासून ‘मौनीबाय’.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

उलगडा झाला.

दुपारी रस्त्याकडची खिडकी उघडली (शेतात काहीतरी जळत होते, बहुधा चिंध्या आणि प्लॅस्टिक). पहिले स्तोत्र म्हणत होते. बाहेर दोघी.

“उघरली. डावी उघरली.”

“म्हंजे?”

“म्हंजे न्हाय. सोर ती सोयरीक.”

“अगो पन पोऱ्या चांगला हाय. रेल्वेत हाय.”

“मंग कशाला आलीस विचाराला? जा न कर लगीन.”

यातला दटावणारा आवाज बनूबाईंचा. शेताकडची सगळी जमीन त्यांची. मुलगा जनार्दन, गावात जनूशेठ, तिच्यावर भराव टाकून गोडाऊन बांधणार आहे. या बनूबाईंनीच माझ्या खिडक्यांना हा धंदा लावून दिला असावा.

म्हणजे हे कौल लावतात. आमच्या वसईकडच्या देवळांतही लहानपणी पाहिले आहे. देवीच्या अंगाला कळ्या चिकटवायच्या, मनात प्रश्न धरायचा. उजवी कळी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. इथे कळ्यांच्या जागी माझ्या खिडक्या आल्या. देवीच्या जागी कोण आले ते लिहिण्याची माझी इच्छा नाही.

कोण्या मुलीचे लग्न आज जळक्या चिंध्यांनी मोडले. 


२६ फेब्रुवारी, गुरुवार

चिडून काही होत नसते. विषय नीट समजावून दिला की माणसाला तो समजतो, यावर मी उभा जन्म काढला आहे. मौनाच्या नियमात लिहिण्याला बंदी नाही. जुना फळा धुतला. वर आकृती: खोली, दोन खिडक्या, वाऱ्याची दिशा दाखवणारे बाण, गटार, भराव. खाली सुवाच्य अक्षरांत: ‘या खिडक्या केवळ हवेसाठी उघडल्या जातात. कोणती उघडायची हे दुर्गंधीवरून ठरते. त्यांचा कोणाच्याही प्रश्नाशी संबंध नाही.’ बाण रंगीत खडूंनी काढले. आकृती फार चांगली जमली, वर्गात इतकी चांगली क्वचितच जमत असे. फळा दाराबाहेर टांगला.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

फळ्याला झेंडूचा हार. बाणांच्या प्रत्येक टोकाला कुंकू.

गोडाऊनचा वॉचमन एका ट्रकवाल्याला समजावत होता, “अरे, वो यंत्र है माताजी का. हाथ मत लगा, जल जाएगा.” तोच ट्रकवाला मग फळ्याला नमस्कार करून कोपऱ्यावरून वळला आणि माझ्या भिंतीशी उभा राहिला. ओघळ खिडकीखालपर्यंत आला.


२८ फेब्रुवारी, शनिवार

प्रयोग. काल दुपारी दोन्ही खिडक्या उघडल्या. आज दोन्ही बंद ठेवल्या.

निरीक्षणे. दोन्ही उघड्या: “दोनी उघरल्या गो, बाय हसली. मागशील त्ये मिलंल.” संध्याकाळपर्यंत नारळांचा ढीग. दोन्ही बंद: “थांब बोलते. आता नको, मागशी ये.” कोणी घरी गेले नाही, बांधावर बसून राहिले.

निष्कर्ष. ज्या उपकरणाचे कुठलेच वाचन निरर्थक मानले जात नाही त्याला बंद करण्याची सोय नसते. ते उपकरण मी आहे.


१ मार्च, रविवार

मिस्सानंतर फादरांना सगळे सांगितले. मला वाटले होते ते अस्वस्थ होतील. ते खूश झाले.

“टीचर, लोक यायला लागलेत ही चांगलीच गोष्ट झाली.”

“ते माझ्याकडे येत नाहीत, देवाकडेही येत नाहीत. खिडकीकडे येतात.”

“सुरुवात कुठूनही होते हो. असं करू, दाराच्या वर आपल्या चर्चमधल्या माऊलीची तसबीर लावू, मोठी. लांबून दिसेल अशी. व्रताच्या दिवशी फोटोही छान येतील.”

चोवीस तारखेला बिशपांचे प्रतिनिधी खोली पाहायला आणि माझ्याशी शेवटचे बोलायला येतील, त्यांनाही गर्दी पाहून बरे वाटेल, असे म्हणाले. बोलताना पायरीवरच्या एका बऱ्यापैकी ताज्या नारळाकडे त्यांचे लक्ष होते. जाताना घेऊन गेले. “उगाच फुकट कशाला जाऊ द्यायचा.”


४ मार्च, बुधवार. धुळवड

इतकी घाण याआधी कधी आली नव्हती. सकाळी भरावाच्या डंपरमधून राडारोड्याबरोबर पोतीही पडली. कोंबडीच्या दुकानांतली. पिसे, आतडी, पाय. उन्हाने पोती फुगली आणि फुटली. शेताकडच्या खिडकीच्या फटीशी नाक नेले आणि कोरडी ओकारी आली. रस्त्याकडची उघडली. गटार सुगंधी वाटले.

बाहेर कोणीतरी एकदम रडू लागले. बनूबाईंचा आवाज, पण आज दटावणारा नव्हे: “रडू नको. न्हाय बोलली तर न्हाय. आपल्या भल्याचाच बोलली आसंल.”

स्तोत्रे पुरी केली. माझे लक्ष बंद खिडकीपलीकडे पोत्यांवर घोंघावणाऱ्या माश्यांच्या आवाजाकडे होते.


६ मार्च, शुक्रवार

शुक्रवारी कुंदा तांदळाची भाकरी आणून देते. बनूबाईंची सून, जनूशेठची बायको. तिने कधी नारळ आणला नाही, कधी पाया पडली नाही. बारावी झालेली आहे, मला टीचर म्हणते. पायरीवर बसून जे मनात असेल ते बोलते आणि जाते. “तुमच्याशी बोलायला बरं वाटतं, टीचर. तुम्ही मधेच उपाय सांगत नाही.” या वाक्यावर मी कितीदा मनातल्या मनात हसले आहे.

आज भाकरी दिली आणि उभीच राहिली.

“छातीत गाठ आहे, टीचर. सुई घालून तपासली. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, चांगली नाहीये, लगेच काढू. सोमवारी ऑपरेशन होतं. सासूबाई म्हणाल्या, आधी मौनीबायला विचारू. मी हसायचे या सगळ्याला, तुम्हाला माहितीये. पण भीती वाटली हो. परवा उभी राहिले इथे. तुम्ही डावी उघडलीत.”

परवा रडणारी ती होती.

“मी म्हटलं, टीचर शिकलेल्या आहेत. त्या उगाच नाही उघडणार. आम्ही फोन करून तारीख रद्द केली.”

ती गेली. मी भाकरी हातात धरून बसून राहिले.

एका बाईने जगायचे की नाही हे कोंबडीच्या आतड्यांनी ठरवले, आणि तिने ते मानले कारण मी पदवीधर आहे.


७ मार्च, शनिवार

कलम लागू झाले. सकाळी जाऊन बोलले.

नवा बंगला, जिन्याला स्टीलचे चकचकीत कठडे. कुंदा स्वयंपाकघरात पीठ मळायला बसली होती. मी म्हटले, “कुंदा, माझे नीट ऐक.” माझा आवाज मलाच परका वाटला. परातीतल्या कोरड्या पिठावर बोटाने खोली काढली, दोन खिडक्या, वारा. पायरी पायरीने सांगितले. तिने वर्गात बसावे तसे ऐकले, मान डोलावली.

“समजले?”

“समजलं. म्हणजे बुधवारी शेतातून वास आला, म्हणून तुम्ही डावी उघडली.”

“बरोबर.”

“आणि वास बुधवारीच का आला, टीचर?”

“तुमच्या भरावामुळे.”

“भराव तीन आठवडे चाललाय. कोंबड्यांची पोती बुधवारीच का पडली? मी विचारायला उभी राहिले त्याच दिवशी?”

शास्त्रीय उत्तर आहे. योगायोग. ते दिले. आजवर कोणत्याही वर्गात इतके दुबळे उत्तर दिले नसेन. तिने ते नम्रपणे ऐकून घेतले.

तेवढ्यात बनूबाई दारात. माझ्या तोंडून शब्द येताना पाहून त्यांनी हातातला तांब्याच खाली ठेवला. “बाय बोलली. माज्या घरान येऊन बोलली.” पाया पडल्या. त्यांच्या केसांना तेलाचा आणि मासळीचा वास येत होता. मी पाय मागे घेतले, ते त्यांना विनय वाटला.

मी म्हटले, “बनूबाई, ऑपरेशन करा. मी सांगते.”

“तू सांगतीस गो बाय. पन तू मानूस म्हनून सांगतीस. खिरकी कोन उघरतो?”

“मीच उघडते.”

“हां, हात तुजा.” त्या समजूत घालावी तशा हसल्या. “एकदा दिलेला कौल फिरवत न्हाय. परत विचाराचा तर आवस जाव दे.”

आवस, म्हणजे अमावास्या, अठराला. कुंदाकडे पाहिले. तिने परातीतली माझी आकृती पाणी घालून मळून टाकली.


८ मार्च, रविवार

फादरांचा रंग आज निराळा. गाठीचे ऐकल्याबरोबर आवाज खाली आला.

“तुम्ही तिच्या घरी गेलात? कोणी पाहिलं?”

“सगळ्यांनी.”

“टीचर, उद्या तिचं बरंवाईट झालं तर लोक म्हणतील ख्रिस्ती बाईने नको सांगितलं. आणि वाचली तर म्हणतील चमत्कार करून बाटवते. दोन्हीकडून आपणच अडकणार. काही दिवस वसईला जाऊन राहा. खोलीला कुलूप घाला. चोवीसला या.”

“आणि कुंदा?”

“प्रार्थना करू ना.”

इतका गुळगुळीत शब्द त्यांनी याआधी माझ्यासमोर काढला नव्हता. गेल्या रविवारी हीच गर्दी छान होती. मी जाणार नाही असे सांगितले. कुलूप म्हणजेही ‘थांब’. तिच्यापाशी थांबण्याइतका वेळ नाही.


११ मार्च, बुधवार

जनूशेठ आला. गाडी दारापर्यंत आणली, काच खाली केली, मग काय वाटले कोण जाणे, उतरून चप्पल काढली.

“बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास न्हाय. तुम्हाला खरं सांगतो.”

मी नुसती पाहत राहिले. कलम कुंदासाठी आहे, त्याच्यासाठी नाही.

“म्हंजे, गोडाऊनच्या वेळी विचारलं होतं, उजवी निघाली होती, ती गोष्ट वेगळी. पण हे डॉक्टरचं काम हाय. मी तिला उचलून गाडीत घालू शकतो. पण तिला स्वतःलाच वाटतंय आपण वाचणार न्हाय. तशा बाईला टेबलावर कसं निजवायचं? डॉक्टर पण बोलला, पेशंटचं मन तयार पाहिजे.” घाम पुसला. खिशातून गुटख्याची पुडी काढली, माझ्याकडे पाहून परत ठेवली. “पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती येनार हाय. तुम्ही फक्त उजवी उघडा. मी तिकडचा भराव थांबवतो. पोती उचलायला लावतो. मग तुम्हाला पन वास न्हाय, तुमचं पन खोटं न्हाय.”

शेवटचे वाक्य या माणसाच्या तोंडून यावे याचा मला राग आला. मला जो युक्तिवाद चार दिवस सुचत नव्हता तो याने चप्पल काढून उभ्या उभ्या केला.


१४ मार्च, शनिवार

पोती तशीच. आता त्यांत अळ्या आहेत. कावळे एक एक पाय उचलून माझ्या पत्र्यावर आणून खातात.

प्रश्न नीट मांडते. कृती खोटी असू शकते का? खोटे बोलायला विधान लागते. खिडकी उघडणे हे विधान नाही, ती एक सरकणारी फळी आहे. इथपर्यंत ठीक. पण ऐकणाऱ्याशी माझा संकेत ठरलेला असेल आणि तो संकेत मला ठाऊक असेल, तर फळीही विधान होते. बुधवारी मला ठाऊक नव्हते की कुंदा तिथे उभी आहे, म्हणून बुधवारची खिडकी मूक होती. पाडव्यानंतरची मूक नसेल. मी बोटाने बोलेन, आणि जे बोलेन ते देवाच्या नावावर खपेल.

उलट बाजू. न उघडली तर ती मरण्याची शक्यता आहे आणि माझे मौन निर्मळ राहते. या वाक्यातला ‘निर्मळ’ हा शब्द पुन्हा वाचला. 

तिसरी बाजू शोधत होते. नाही. कितीही बारीक मांडले तरी या खोलीला खिडक्या दोनच आहेत.


१९ मार्च, गुरुवार. पाडवा

काल अमावास्या संपली. आज माझ्या भिंतीला टेकवून कोणीतरी गुढी उभारली. ट्रकवाले आज तिथे उभे राहिले नाहीत, एवढा एक लाभ. पोती उचललेली नाहीत. जनूशेठचा डंपर सणालाही चालू.


२० मार्च, शुक्रवार

दुपारच्या प्रार्थनेची घंटी वाजवली. बाहेर एकदम शांत झाले. अशा शांततेसाठी मी कॉलेज, घर, वसई सोडून आले, आणि ती आज मिळाली तेव्हा तिच्यात कोणीतरी श्वास रोखून उभे होते.

शेताकडच्या खिडकीशी गेले. फटीशी नाक नेले नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. कडी काढली आणि पुरी उघडली.

वास भिंतीसारखा आत आला. सडके मांस, चुना, ओली पिसे. माश्या वेदीवर, मेणबत्तीवर, उघड्या स्तोत्रसंहितेवर. बांधाजवळ कुंदा हात जोडून उभी, डोळे मिटलेले. बनूबाईंनी तिला कोपराने ढोसले, “बग. बग गो. उजवी.” तिने डोळे उघडले. तिने खिडकीकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. मी नजर खाली घेतली.

तिला कळले असावे की मी मुद्दाम उघडली. तरीही तिने पदराने डोळे पुसले आणि हसली. शिकवताना एखाद्या मुलीला उत्तर येत असूनही ती माझ्याकडून ऐकण्यासाठी थांबत असे, तसे काहीसे.

दुपारची पूर्ण प्रार्थना त्या वासात म्हटली. एकदा कोपऱ्यातल्या बादलीत ओकले. पुन्हा बसले. खिडकी लावली नाही.


२१ मार्च, शनिवार

कुंदा सकाळी ठाण्याला गेली. सोमवारी ऑपरेशन. गाडीत बसताना बनूबाईंनी तिच्या कपाळाला माझ्या पायरीवरची माती लावली. जिथे नारळ कुजले ती माती. जखम होणार आहे त्या बाईला. मी धावत बाहेर आले, खुणेने पुसायला सांगितले. सगळ्यांनी तोही आशीर्वाद धरला. कुंदाने मात्र रुमालाने पुसली.

गर्दी दुप्पट. मौनीबाय बोलली होती, मग उजवी दिली. वॉचमनने रांग लावली आहे. “एक एक करके. औरतें इधर. चप्पल उधर.” कोणाचा जागेचा सौदा, कोणाचा दुबईचा व्हिसा, कोणाला मुलगा हवा. दोन्ही खिडक्या बंद ठेवल्या. आज मला कोणतीही उघडता येत नाही. कालच्या खिडकीपाठोपाठ पुढच्या सगळ्या खिडक्याही मी जाणूनबुजून उघडलेल्याच ठरणार.

“थांब बोलते,” बाहेर आवाज. थांबले आहेत.


२२ मार्च, रविवार

मिस्साला गेले. फादरांजवळ कुमसार, म्हणजे पापांची कबुली, केला. खिडकी सांगितली.

“हे पाप आहे असं तुम्हाला वाटतं?”

“मी पुन्हा करीन असे वाटते. म्हणून पश्चात्ताप सांगता येत नाही.”

त्यांनी गळ्यातला पट्टा सरळ केला. मग, “चोवीसला हे सगळं त्यांना सांगू नका. विचारलं तरच सांगा. ते एवढंच विचारतील, मौन पाळता का?”

आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की प्रश्न नीट वाचा, उत्तर बहुधा त्यातच असते. घरी आले. पत्र्यावर कावळे.


२३ मार्च, सोमवार

दुपारी जनूशेठचा फोन वॉचमनला, वॉचमन फाटकातून ओरडला, “माताजी, ऑपरेशन हो गया. होश में है. पानी माँग रही है.”

गुडघ्यावर बसले. आभार मानायला शब्द शोधत होते, त्याआधी रडू आले आणि मग लगेच बाहेर जयजयकार. माझा. कान झाकून घेतले. ते आभारही मला पुरते मानता आले नाहीत.

काढलेली गाठ तपासायला गेली आहे. किती पसरले ते रिपोर्ट आल्यावर कळेल.


२४ मार्च, मंगळवार. दुपार

आत बसून लिहिते आहे. पत्रा तापून वाजतो. दोन्ही खिडक्या बंद.

बिशपांचे प्रतिनिधी आले आहेत. दाराच्या फटीतून दिसले: वयस्कर, पांढरा झगा, हातात छत्री. गाडी रांगेमागे अडकली म्हणून रस्त्यावरून चालत आले. फा. जेरोम त्यांच्या पुढे नारळ पायाने बाजूला सारत. मी दार उघडायला उठले होते, पण घंटेची वेळ झाली. घंटेनंतर प्रार्थना संपेपर्यंत दार उघडायचे नाही, हा नियम त्यांच्याच कार्यालयाने मंजूर केला आहे. ते बाहेर बाकावर बसले. बनूबाईंनी त्यांना पाणी दिले.

सगळे ऐकू येते.

“तुमी कंचा गावशी आयलाव?”

“वसईहून. तुम्ही रोज येता?”

“मी आज सुनेच्या रिपोटचा विचाराला आयलीय. चांगला येव दे म्हनून. तिला बायनीच वाचवली.”

“अच्छा. कशी?”

आणि बनूबाईंनी सांगितले. आधीची डावी, मधली आवस, मग उजवी. इतके क्रमवार, इतके स्पष्ट, की मला एक शब्दही बदलावासा वाटला नाही. फा. जेरोम दोनदा खोकले.

 मग प्रतिनिधी हळूच, “आणि बंद असली तर?”

“तर थांबाचा. तुमी पन विचारून टाका, फादर. मनानच विचाराचा, मोठ्यान न्हाय.”

फा. जेरोम हसले. प्रतिनिधी हसले नाहीत. बाकाचा आवाज झाला, ते बहुधा नीट बसले. छत्री मिटली. त्यानंतर बाहेर पूर्ण शांतता आहे. ते माझ्या उद्याच्या व्रताबद्दल काय विचारत आहेत ते मला कळते. बनूबाई काय विचारत आहेत तेही.

घंटी वाजवून बराच वेळ झाला. पहिले स्तोत्र अजून सुरू केलेले नाही. दोन्ही फटींशी जाऊन आले. आज दोन्हीकडे सारखीच घाण आहे.